प्रस्तावना : साडेआठचा आकडा

रोज सकाळी साडेआठ वाजता देशभरातल्या वेधशाळांमध्ये पर्जन्यमापकातलं पाणी मोजलं जातं आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये लिहिला जातो. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्वेला, चिकलठाण्यालाही हेच घडतं. तो आकडा थोड्या वेळात वेबपानावर येतो, दिवसभर तिथे दिसतो, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एका ओळीत छापून येतो. मग पुन्हा साडेआठ वाजतात आणि त्याच चौकटीत नवा आकडा बसतो. कालचा पानावरून गेलेला असतो.

हे पुस्तक त्या गेलेल्या आकड्यासाठी लिहिलं आहे.

विषय तसा छोटा आहे. इंटरनेटवरच्या पानांवर पाऊस, तापमान, आर्द्रता, धरणाची पातळी असे जे आकडे दिसतात, ते पायथन भाषेतल्या लहानशा स्क्रिप्टने रोज ठरलेल्या वेळी उचलायचे, तपासायचे आणि आपल्या फाइलमध्ये ओळीखाली ओळ जमवत जायचे. याला संगणकाच्या जगात स्क्रेपिंग म्हणतात, म्हणजे खरवडणं. मला हा शब्द आपला वाटतो. दुधाच्या पातेल्याची खरवड ज्याने खाल्ली आहे त्याला कळेल, की वरचं सगळं ओतून घेतल्यावरही तळाशी मोलाचं काही उरतं आणि ते काढायला हात हलका लागतो.

विभागाच्या दप्तरातून कालचा आकडा नाहीसा होत नाही, हे इथेच सांगायला हवं. भारतीय हवामान विभागाच्या नोंदी पुण्याच्या राष्ट्रीय डेटा केंद्रात जपल्या जातात, मागणी नोंदवली की मिळतातही. संशोधकाला तो रस्ता ठाऊक असतो. पण फुलंब्रीच्या शेतकऱ्याला, सिल्लोडच्या बातमीदाराला किंवा कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला आपल्या महसूल मंडळाचा गेल्या तीन पावसाळ्यांचा रोजचा पाऊस हवा असेल, तर तो हाताशी नसतो. दिसतो तेव्हा आजचा दिसतो. ज्याला मालिका हवी आहे त्याने ती रोज स्वतः विणायची. हे काम हाताने वहीत करता येतं, पण मंडळं पाच-पंचवीस झाली की हात थकतो आणि लग्नसराईत, परीक्षेत, आजारपणात खंड पडतो. स्क्रिप्टला लग्नसराई नसते.

मराठवाड्यात हे कशाला करायचं, याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

सरासरीच्या भरवशावर इथे शेती होत नाही. जिल्ह्याने सरासरी गाठली असं सप्टेंबरअखेर जाहीर होतं, तेव्हा त्याच जिल्ह्यातल्या एका मंडळात जुलैची पेरणी करपून दुबार झालेली असते आणि शेजारच्या मंडळात दोन रात्रींच्या पावसात सोयाबीन पाण्याखाली गेलेलं असतं. बैलाचं एक शिंग ओलं आणि एक कोरडं, असं जुनी माणसं म्हणतात. म्हैसमाळच्या डोंगरावर ढग टेकलेले असतात आणि खाली वैजापूर-गंगापूरच्या बाजूला लोक आभाळाकडे बघत उभे असतात. जिल्ह्याचा एक आकडा या दोन्ही ठिकाणांबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून मंडळाचा आकडा महत्त्वाचा. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली आणि कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस दिसू लागला. आपल्या शेताच्या इतक्या जवळ पावसाचं मोजमाप याआधी कधी आलं नव्हतं.

आणि त्या आकड्यावर पैसे ठरतात. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की तो अतिवृष्टीत मोडतो. मग पंचनामे, मग मदतीची यादी. मोसंबी, डाळिंब, केसर आंबा यांचा हवामानावर आधारित फळपीक विमाही अशाच केंद्रांच्या नोंदींवर चालतो. २०२३ चा ऑगस्ट आठवून पाहा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या दिवसांत गावागावांत 'एकवीस दिवस' हे दोनच शब्द ऐकू येत होते, कारण सलग एकवीस दिवस पावसाचा खंड पडला तर पीकविम्याच्या पंचवीस टक्के अग्रिमाचा मार्ग मोकळा होणार होता.

एकवीस सलग दिवस मोजायला एकवीस सलग नोंदी लागतात. अठराव्या दिवशी केंद्राचा संपर्क तुटला आणि त्या दिवसाची चौकट रिकामी राहिली, तर खंड सुरू आहे की मोडला? हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाच्या दिवसाला पावसाचा दिवस मानतो. मग चौदाव्या दिवशी पडलेला १.८ मिलिमीटरचा शिडकावा खंड मोडणारा म्हणायचा का? ज्याच्याकडे रोजची नोंद आहे, तोच माणूस हे प्रश्न तहसील कार्यालयात जाऊन कागदासह विचारू शकतो. ज्याच्याकडे ती नाही तो 'आमच्याकडे पाऊसच नव्हता साहेब' एवढंच म्हणतो. ते खरं असलं तरी समोरचा माणूस ते कशात लिहिणार? या पुस्तकातल्या सगळ्या खटाटोपामागे मला दिसत आलेलं चित्र हेच आहे.

पानांवरचे आकडे उतरवून घेण्याचं काम संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे. भारतीय हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला. १८६४ चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि १८६६, १८७१ साली मान्सूनने दिलेली ओढ ही त्याची पार्श्वभूमी. पुढे १९०४ ते १९२४ या काळात गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ या विभागाचे प्रमुख होते. मान्सून कधी दगा देतो याचं उत्तर त्यांना जगभरच्या नोंदींत शोधायचं होतं. कुठे हवेचा दाब, कुठे पाऊस, कुठे नदीचं पाणी. सिमल्याच्या कार्यालयात भारतीय कारकून हे आकडे तक्त्यांतून उतरवून घ्यायचे आणि एका ठिकाणच्या आकड्यांचा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्यांशी असलेला संबंध कागदावर, हाताने काढायचे. प्रशांत महासागराच्या दोन टोकांना हवेचा दाब तराजूसारखा वरखाली होतो, ही गोष्ट त्या बेरजा-गुणाकारांतून वर आली. आज एल निनोची बातमी वाचून आपण बियाण्याचा विचार करतो तेव्हा त्या कारकुनांच्या हिशेबाचंच फळ वाचत असतो. विभागाचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, पण नोंदींचा आणि हवामानाच्या दीर्घ अभ्यासाचा संसार पुण्यातच राहिला.

त्या कारकुनांची शिस्त माझ्या डोळ्यांसमोर आहे. रकाना चुकू द्यायचा नाही, बेरीज उलटी करून पडताळायची, शंका असेल तिथे खूण करायची. उतरवण्याचं कष्टाचं काम आता स्क्रिप्ट करते. शिस्त मात्र तिच्यात आपोआप येत नाही, ती लिहिणाऱ्याने घालावी लागते.

सुरुवात तारखेपासून करू, कारण सर्वांत जास्त फाइली तिथेच बिघडतात. समजा पाच जुलैच्या रात्री अकराला पाऊस सुरू झाला आणि पहाटे चारला थांबला. शेतकरी म्हणेल, पाच तारखेला रात्री पडला. वेधशाळा तो सहा जुलैच्या सकाळी साडेआठला मोजते आणि सहा तारखेच्या नावावर लिहिते. वर्तमानपत्र तो सात तारखेच्या अंकात 'गेल्या चोवीस तासांत' म्हणून छापतं. पाऊस एक, तारखा तीन. त्यात संगणकाचं घड्याळ मिसळा. बाहेरच्या सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवली तर त्याचं घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असतं, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. आपले सकाळचे साडेआठ म्हणजे त्याचे पहाटेचे तीन. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजून नवी तारीख लागलेली असते तेव्हा तिथे कालचीच तारीख चालू असते. चिकलठाणा विमानतळाचा ठरावीक वेळाने निघणारा हवामान अहवाल वाचायला घ्याल तर त्यातली वेळही याच प्रमाणवेळेत असते. तिच्यापुढे झेड हे अक्षर लावलेलं असतं आणि नवखा माणूस तिला भारतीय वेळ समजून पुढे जातो. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक फाइलमध्ये वेळेचे तीन रकाने आहेत : पाऊस कोणत्या चोवीस तासांचा, पानावर तारीख कोणती होती, आणि आपण पान उघडलं केव्हा. सुरुवातीला हा बोजा वाटेल. दुसऱ्या पावसाळ्यात नाही वाटणार.

आता शून्याबद्दल. हे मला अनुभवाने सांगायचं आहे.

पहिल्या वर्षी मी एका पानावरून काही मंडळांचा पाऊस गोळा करत होतो. केंद्र बंद असलं की त्या पानावर आकड्याच्या जागी आडवी रेघ यायची. माझ्या स्क्रिप्टमध्ये रिकाम्या जागा शून्याने भरणारी एक ओळ होती, कारण बेरीज करताना अडचण येऊ नये असं मला वाटलं होतं. जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये वैजापूरच्या बाजूचे एक शेतकरी घरी आले होते. त्यांना मी कौतुकाने त्यांच्या मंडळाचा आलेख दाखवला. त्यांनी बोट ठेवून विचारलं, 'या आठवड्यात तुम्ही कोरडं दाखवलंय? आमचा नाला त्या आठवड्यात दोनदा वाहिला.' मी मूळ पानं साठवून ठेवली नव्हती, त्यामुळे कोणतं शून्य खरं आणि कोणतं रेघेचं, हे शोधायला मार्गच उरला नव्हता. अडीच महिन्यांची फाइल मी पुसून टाकली.

तेव्हापासून दोन नियम पाळतो आणि वाचकालाही तेच सांगतो. नोंद नाही याचा अर्थ पाऊस नाही असा कधीही घ्यायचा नाही, आणि उचललेलं मूळ पान जसंच्या तसं आधी साठवायचं, मग त्यातून आकडे काढायचे. पानांवर नोंद नसल्याची रूपं बरीच असतात. रेघ असते, 'एनए' असतं, नुसती मोकळी जागा असते. हवामान विभागाच्या चौकटीनिहाय पावसाच्या फाइलींत त्यासाठी उणे ९९९ लिहिलेलं असतं आणि ते न ओळखता बेरीज केली तर पाऊस उणे येतो. 'ट्रेस' असं लिहिलेलं असेल तर पाऊस पडला, पण ०.१ मिलिमीटर इतकाही मोजता आला नाही. त्याला शून्य म्हणणंही चूक आणि नोंद नाही म्हणणंही चूक. शिवाय खुद्द शून्यही कधी कधी खोटं असतं. स्वयंचलित केंद्रात पाणी एका लहानशा तराजूवजा पळीत पडतं, पळी भरली की कलंडते आणि कलंडण्याची संख्या मोजली जाते. नरसाळ्यात पाला अडकला, पक्ष्याने काड्या आणून ठेवल्या, की वर धो धो पाऊस आणि खाली शून्य. शेजारच्या चारही मंडळांत चाळीस-पन्नास मिलिमीटर आणि मधल्या मंडळात चार दिवस सलग शून्य दिसलं, तर स्क्रिप्टने त्यावर खूण करावी. आकडा बदलायचा मात्र नाही. खूण करून ठेवायची.

तसंच ६४.८ सारख्या आकड्याचं. दशांश काढून टाकून नीटनेटके पूर्णांक ठेवण्याचा मोह होतो. मग ६४.८ चे ६५ होतात. हवामान विभाग ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला मुसळधार म्हणतो, अतिवृष्टीची सरकारी रेघ ६५ ला आहे, आणि या अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्यात एखाद्या गावाचं वर्ष अडकलेलं असू शकतं. आकडा आला तसा ठेवा.

यानंतरची अडचण नावांची आहे, आणि ती आपल्या शहराइतकी दुसऱ्या कुणाला माहीत नसेल. इंग्रजी पानावर औरंगाबाद शोधलं की कधी बिहारचं औरंगाबाद पुढे येतं. तिथला मे महिना आणि आपला मे महिना यांत फरक असतो, पण इतका नसतो की आकडा पाहून लगेच संशय यावा. २०२३ साली शहराचं आणि जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. त्यानंतर काही पानांवर नवं नाव आलं, काहींवर जुनंच राहिलं, काहींनी दोन्ही लिहिली, काहींनी 'सी. संभाजीनगर' असं आखूड केलं. उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हाही हेच. नावावरून केंद्र ओळखणारी स्क्रिप्ट अशा दिवशी गप्प होते किंवा दोन वेगळी शहरं आहेत असं समजून मालिका मधेच तोडते. तालुक्यांतही खुलताबाद आणि खुलदाबाद, सोयगाव आणि सोयगांव, इंग्रजीत फुलंब्रीची दोन स्पेलिंगं. शहराजवळ चिकलठाणा आहे आणि कन्नड तालुक्यात चिकलठाण आहे. माणूस संदर्भाने ओळखतो, यंत्राला संदर्भ नसतो. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे क्रमांक. चिकलठाण्याच्या वेधशाळेचा जागतिक यादीतला क्रमांक ४३०१४ आहे, विमानतळाचा संकेत व्हीएएयू आहे आणि नाव बदललं तरी केंद्राची ओळख या खुणांनी सांगता येते. जिथे क्रमांक नाहीत तिथे आपण स्वतःची एक नावांची वही करायची : डावीकडे पानावर दिसलेलं प्रत्येक रूप, उजवीकडे आपला एकच क्रमांक. नवं रूप दिसलं तर स्क्रिप्टने थांबून विचारावं, अंदाज करू नये.

मराठी पानांची गोडी आणि अडचण दोन्ही वेगळ्या. देवनागरी अंक वाचता येणार नाहीत अशी भीती मुलांना असते. पायथनपुरती ती अनाठायी आहे. '१२.५' हा मजकूर पायथनला दशांश संख्येत बदलायला सांगितला तर तो सरळ साडेबारा देतो. शोधसूत्रात अंकासाठी जी खूण वापरतात तीही देवनागरी अंक ओळखते. जावास्क्रिप्ट हेच नाकारते, ही संख्या नव्हे म्हणते. खरी डोकेदुखी जुन्या पानांची. युनिकोड रुळण्याआधी कित्येक कार्यालयांत मराठी मजकूर अशा फाँटांत बसवला जाई, की डोळ्यांना देवनागरी दिसे पण आत इंग्रजी अक्षरांची सरमिसळ असे. असा मजकूर उचलला की हाती अगम्य ओळ येते. त्यासाठी एक छोटं प्रकरण आहे. आज असा मजकूर जुन्या पीडीएफ अहवालांतच जास्त भेटतो.

साधनांबद्दल फार लिहीत नाही, कारण पुढची सहा प्रकरणं त्यांचीच आहेत. पायथन १९९१ मध्ये गिडो व्हान रॉसम यांनी पहिल्यांदा लोकांपुढे ठेवली. पान मागवायला रिक्वेस्ट्स, पानातलं नेमकं कोष्टक शोधायला ब्युटिफुल सूप आणि कोष्टकाचे रकाने करायला पांडास, एवढ्यावर पहिली तीन प्रकरणं चालतात. ब्युटिफुल सूप २००४ पासून आहे आणि त्याचं नाव लुईस कॅरलच्या 'ॲलिस'मधल्या कासवाच्या गाण्यावरून आलेलं आहे. अस्ताव्यस्त लिहिलेल्या पानातूनही ते अर्थ काढतं. काही पानं मात्र आकडे आधी दाखवत नाहीत, ती उघडल्यावर मागच्या दाराने आणतात. तिथे कोष्टक खरवडण्यापेक्षा ते मागचं दार शोधणं सोपं जातं, आणि ब्राउझरमध्ये ते कसं बघायचं हे चौथ्या प्रकरणात चित्रांसह आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं तर अशी स्क्रिप्ट ती दोन मिनिटांत लिहूनही देते. जरूर घ्या. पण रेघेचं काय करायचं, साडेआठचा पाऊस कोणत्या तारखेला टाकायचा, हे तुम्ही ठरवून तिला सांगायचं आहे.

हात हलका हवा असं मी वर म्हटलं. त्याचा अर्थ असा. आधी पाहावं, की हाच डेटा उतरवून घेण्यासाठी अधिकृतपणे ठेवला आहे का. केंद्र सरकारच्या २०१२ च्या राष्ट्रीय डेटा धोरणाने सरकारी खर्चातून तयार झालेला, गोपनीय नसलेला डेटा लोकांना मिळावा असं म्हटलं आणि खुल्या डेटाचं सरकारी संकेतस्थळ त्यातूनच वाढलं. तिथे असेल तर खरवडायची गरजच नाही. नसेल तर संकेतस्थळाच्या अटी आणि 'रोबोट्स' नावाची फाइल वाचावी. स्वयंचलित भेटींना कोणता भाग खुला आणि कोणता बंद, हे सांगण्याची ही रीत १९९४ पासून चालत आली आहे. आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ परवानगीशिवाय डेटा काढून घेण्याबद्दल बोलतं, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवं. आणि कायद्यापलीकडे एक साधी माणुसकी आहे. अतिवृष्टीच्या रात्री हजारो लोक तेच पान उघडत असतात. कुणाला पूर येतोय का पाहायचं असतं, कुणाला मुलगा घरी पोचेल का याची काळजी असते. त्या वेळी आपल्या स्क्रिप्टने दर दहा सेकंदांनी तिथे धडका देणं मला चुकीचं वाटतं. दिवसातून एकदा बदलणारा आकडा दिवसातून एकदाच आणावा, दोन विनंत्यांमध्ये थोडं थांबावं, आणि विनंतीसोबत आपला संपर्क लिहावा, म्हणजे पलीकडच्या माणसाला विचारायचं असेल तर विचारता येईल.

पुस्तकातलं माझं आवडतं प्रकरण नक्षत्रांचं आहे. आकडे जमले की लोक महिन्यांत बेरीज करतात : जून, जुलै, ऑगस्ट. पण गावात कुणी विचारत नाही की जूनमध्ये किती पडला. विचारतात, मृगात किती पडला, आर्द्रा कोरडी गेली का, हत्तीचा पाऊस आला का. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. मृग सात-आठ जूनला लागतो, आर्द्रा एकवीस-बावीस जूनच्या सुमारास, मघा ऑगस्टच्या मध्यानंतर, हस्त सप्टेंबरच्या अखेरीस. हे पंधरवड्याच्या जवळ जाणारे भाग पेरणी, निंदणी, फुलोरा यांच्याशी महिन्यापेक्षा चांगले जुळतात. स्क्रिप्टला काय, तिला तारखांच्या सीमा दिल्या की ती नक्षत्रांची बेरीज करून देते. पंचांगातल्या नक्षत्राच्या वाहनावरून पाऊस ठरतो असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्या मापाने शेतकरी आठवण ठेवतो त्या मापात आकडा त्याच्यासमोर गेला, तर तो स्वतःच्या आठवणीशी ताडून पाहतो आणि चूक सांगतो. माझी चूक अशीच सापडली होती.

पैठणशिवाय हे पुस्तक पुरं झालं नसतं. १९७६ साली पूर्ण झालेल्या तिथल्या जायकवाडी धरणात, आपल्या नाथसागरात, पाणी किती आहे हे या शहरातलं प्रत्येक घर विचारतं. पण नाथसागर भरतो तो वर नाशिक आणि नगरकडे पडलेल्या पावसाने, म्हणून आपल्या फाइलीत गोदावरीच्या वरच्या अंगाची केंद्रंही हवीत. या पानांवर आकड्यांची एककं पाहा : पातळी फुटांत, साठा टीएमसीत (अब्ज घनफूट) किंवा दलघमीत (दशलक्ष घनमीटर), विसर्ग क्युसेकमध्ये. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. टक्केवारी जिवंत साठ्याची असते, आणि तो पूर्ण भरल्यावर सुमारे ७६.६५ टीएमसी. एकूण साठा मात्र १०२ टीएमसीच्या वर जातो. एका दिवशी जिवंत साठा आणि दुसऱ्या दिवशी एकूण साठा उचलला गेला तर धरण रात्रीत भरल्यासारखं दिसतं. २०१४ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशात, मेंढेगिरी समितीच्या शिफारशींच्या आधारे, वरच्या धरणांतून पाणी कधी सोडायचं हे जायकवाडीच्या १५ ऑक्टोबरच्या साठ्याशी बांधलं गेलं आणि ६५ टक्के हा आकडा घरोघर पोचला. ज्या भागात पाण्याचा वाद टक्केवारीत बोलला जातो, तिथल्या मुलांना ती टक्केवारी कशाची हे कळलंच पाहिजे.

एक गोष्ट वाचकाने मनात पक्की ठेवावी. मोबाइलवरच्या ॲपमध्ये 'आत्ता ३१ अंश' असं दिसतं ते बहुतेक वेळा गणिताने काढलेला अंदाज असतो. तुमच्या गावात कुणी तापमापक पाहिलेला नसतो. अंदाज आणि मोजमाप एका रकान्यात कधीही घालू नका. दोन मोजमापंही जुळतीलच असं नाही. आपल्या वर्तमानपत्रांत चिकलठाण्याच्या वेधशाळेचा पाऊस आणि शहरातल्याच एमजीएम संस्थेच्या वेधशाळेचा पाऊस वेगवेगळा छापून येतो, तेव्हा लोक विचारतात खरा कोणता. दोन्ही खरे असू शकतात. पाऊस दोन ठिकाणी दोन प्रकारे पडतो, म्हणूनच तर मोजणाऱ्याचं नाव आणि जागा आकड्याला चिकटून राहिली पाहिजे.

शेवटी वाचकाकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात आजोबांची डायरी असेल, कालनिर्णयच्या चौकटींत कुणी 'चांगला पाऊस', 'झड', 'विहिरीला पाणी चढलं' असं पेन्सिलीने लिहिलेलं असेल, एखाद्या वहीत इंचांमध्ये पावसाचे आकडे असतील, तर ते रद्दीत घालू नका. ती पानं कोणत्याही स्क्रिप्टला इंटरनेटवर सापडणार नाहीत. मोबाइलने त्यांचे फोटो काढा, आकडे फाइलमध्ये हाताने भरा, इंच असतील तर मूळ इंच तसेच ठेवून शेजारच्या रकान्यात २५.४ ने गुणा, आणि पहिल्या ओळीत कोणी, कुठे, कशाने मोजलं ते लिहा. मग पुढचं पान उलटा. पहिल्या प्रकरणातली स्क्रिप्ट चौदा ओळींची आहे, ती आज रात्री लिहून झाली तर उद्या साडेआठनंतर तुमच्या फाइलमध्ये तुमच्या मंडळाची पहिली नोंद पडेल.